कन्हान खोऱ्याची जुनी टोपोशीट कशी वाचावी : आधी पाणी, मग रूळ, मग खाणी

अकरावीच्या मुलांना घेऊन मी एकदा नागपूरजवळच्या कन्हान नदीच्या पलीकडे, कोळसा खाणींच्या पट्ट्यात गेले होते. रस्त्याच्या उजव्या हाताला सपाट माथ्याची एक लांबलचक टेकडी दिसत होती, अंगावर बाभळी आणि गवत. एका मुलीने विचारलं, "मॅडम, या टेकडीचं नाव काय?" मी पिशवीतून जुनी एक इंची शीट (एका इंचात एक मैल दाखवणारा सर्वेक्षणाचा नकाशा) काढली. त्या जागी टेकडी नव्हतीच. पिवळी शेती होती, शेतीतून जाणारी नाल्याची काळी रेघ होती आणि नाल्याच्या काठाने दोन विहिरी होत्या. समोर उभी होती ती खुल्या खाणीतून उपसलेली माती, वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत, जिला ‘ओबी’ (ओव्हरबर्डन) म्हणतात ती. तिला नाव कुठून असणार? मात्र ज्या नाल्यावर ती माती पडली, त्याला गावात नाव होतं, आणि ते सांगणारे दोन म्हातारे त्या दिवशी आम्हाला पारावर भेटले.

तेव्हापासून या खोऱ्याची जुनी शीट मी एका ठरावीक क्रमाने वाचते. बहुतेकांची नजर नकाशावर आधी खाण, कारखाना, वीजघर शोधते. माझं म्हणणं, आधी पाणी वाचा. कन्हान, पेंच आणि कोलार या नद्यांच्या काठाने जे काही उभं राहिलं, ते पाण्याच्या आणि रुळांच्या हिशेबाने उभं राहिलं. गेल्या सत्तर वर्षांत पुसलं गेलं तेही मुख्यतः पाणीच : नाले, बोड्या (लहान तळी), विहिरी. कारखाने आज उपग्रहाच्या चित्रात दिसतात. पुसलेला नाला फक्त जुन्या शीटवर सापडतो.

पायरी पहिली : शीट कोणती लागेल आणि कुठे मिळेल

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांक पद्धतीत ५५ क्रमांकाचा मोठा चौकोन २० ते २४ उत्तर अक्षांश आणि ७६ ते ८० पूर्व रेखांश एवढा आहे. त्याचे एकेक अंशाचे १६ भाग केले, त्यांना ए ते पी अक्षरं दिली. अक्षरं वरून खाली जातात आणि मग पुढच्या उभ्या रांगेत शिरतात. नागपूर २१ ते २२ अक्षांश आणि ७९ ते ८० रेखांश यांच्यात येतं, म्हणून आपला चौकोन ५५ ओ. पाव इंची नकाशावर, म्हणजे एका इंचाला चार मैल, हा सबंध चौकोन एका शीटवर मावतो. एक इंची नकाशासाठी त्याचे पुन्हा १६ तुकडे होतात, प्रत्येक १५ मिनिटांचा, क्रमांक तसेच वरून खाली.

कन्हान खोऱ्यासाठी तीन-चार शीट पुरतात. ५५ ओ/४ वर नागपूर शहर, नाग नदी, कामठी आणि कन्हानचे पूल. तिच्या डोक्यावरची ५५ ओ/३ म्हणजे खापरखेडा, सिल्लेवाडा, पारशिवनीचा भाग. रामटेकसाठी ५५ ओ/७, सावनेरसाठी ५५ के/१५. कोराडी ओ/३ आणि ओ/४ यांच्या सांध्याजवळ पडतं, त्यामुळे त्या भागाचा अभ्यास असेल तर दोन्ही घ्या. सांध्यावरची जागा एकाच शीटवरून वाचली की अर्धा नाला हातातून निसटतो.

मिळवण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत जुन्या एक इंची शीट असतात, कधी कापडावर चिकटवलेल्या, कधी घडीवर फाटलेल्या. विनंती केली तर दाखवतात. घरबसल्या हवी असेल तर अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने पन्नाशीच्या दशकात काढलेली यू-५०२ ही मालिका पाहा. प्रमाण १:२,५०,०००. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती विनामूल्य ठेवली आहे. ही मालिका बव्हंशी भारतीय सर्वेक्षणाच्याच जुन्या शीटवरून जुळवलेली आहे, त्यामुळे खोऱ्याचा एकूण आवाका समजायला ती उत्तम. नाल्यापर्यंत पोचायचं असेल तर मात्र एक इंची शीटच लागते. आजच्या तुलनेसाठी सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवरून १:५०,००० ची ओपन सिरीज शीट नोंदणी करून उतरवून घ्या. तिचे क्रमांक नव्या पद्धतीचे आहेत, आपल्या भागात ‘एफ ४४’ने सुरू होणारे. वहीत जुना आणि नवा दोन्ही क्रमांक शेजारी लिहून ठेवा, नाहीतर महिन्याभराने गोंधळ ठरलेला.

पायरी दुसरी : नकाशा सोडून समास वाचा

या पायरीवर लोक सर्वात जास्त घाई करतात आणि पुढच्या बहुतेक चुका इथेच जन्माला येतात. शीटच्या समासात किमान दोन वर्षं छापलेली असतात : प्रत्यक्ष मोजणीचं आणि प्रकाशनाचं. त्यांच्यात वीस-तीस वर्षांचंही अंतर असू शकतं. १९५० च्या दशकात छापलेल्या शीटवरची शेतं, विहिरी आणि वस्त्या त्याआधीच्या मोजणीतल्या असू शकतात, तर रस्ते आणि रूळ तेवढे नंतर दुरुस्त केलेले. म्हणून ‘१९५५ च्या नकाशात हा कारखाना नाही, म्हणजे तो १९५५ नंतरचा’ असं विधान करू नका. मोजणीचं वर्ष आधी पाहा, आणि दुरुस्तीची टीप असेल तर नेमकं काय दुरुस्त केलं ते पाहा.

आपल्या भागात तारखेचा एक चांगला ताळा मिळतो तो राज्याच्या नावाचा. समासात मध्य प्रांत आणि वऱ्हाड असेल तर मजकूर १९५० पूर्वीचा. मध्य प्रदेश असेल तर १९५० ते १९५६ मधला, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्यानंतर मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. समास फाटला असेल तर शीटच्या आत जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमांवर छापलेली नावं पाहा. जुन्या शीटवर सावनेरच्या उत्तरेला छिंदवाडा जिल्हा दिसतो. त्याची सीमा नुसती जिल्ह्याची दाखवली आहे की राज्याची, एवढ्यावरूनसुद्धा शीट १९५६ च्या अलीकडची की पलीकडची ते कळतं.

समासातली चिन्हांची सूचीही तिथेच वाचून घ्या. चिन्हं दशकागणिक थोडी बदलली आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकातली सूची मेट्रिक शीटची असते, ती जुन्या शीटवर जशीच्या तशी लावू नका.

पायरी तिसरी : इंच, फूट, यार्ड

एक इंची म्हणजे १:६३,३६०. शीटवरचा एक इंच जमिनीवरचा एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर. १९५६ नंतर सर्वेक्षण विभाग हळूहळू मेट्रिक मोजमापाकडे वळला आणि १:५०,००० ची शीट आली, जिच्यावर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. जुन्या शीटवर उंची फुटांत असते, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) ५० फुटांच्या अंतराने, आणि चौकटीची जाळी यार्डांत.

माझ्या वर्गातल्या एका गटाने संपूर्ण छेद (जमिनीच्या चढउताराची आकृती) फुटांऐवजी मीटर समजून काढला होता. कन्हानच्या काठाला एकदम हिमाचलचं रूप आलं, आणि तो छेद प्रदर्शनात लागल्यावर ते लक्षात आलं. शीट वाचायला घेण्याआधी उंचीचा एक ओळखीचा आकडा डोक्यात ठेवला तर असं होत नाही. नागपूरकरांसाठी हा आकडा शून्य मैलाच्या दगडाचा. तो १९०७ मधला त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा उंचीचा ठिय्या आहे आणि त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. नागपूर-कामठी भागात हजाराच्या आसपासचे आकडे दिसले तर ते फूट, तीनशेच्या आसपासचे दिसले तर मीटर.

पायरी चौथी : पाणी

इथे वेळ द्या. मी एका शीटला निदान दोन संध्याकाळी देते, एक फक्त नद्या-नाल्यांसाठी आणि एक तलाव-विहिरींसाठी.

टेबलावर शीटची प्रत पसरा. मूळ शीटवर कधीही पेन चालवू नका. ट्रेसिंग पेपर वर ठेवून निळ्या पेन्सिलीने आधी कन्हान काढा, मग पेंच, मग कोलार. कन्हान सातपुड्यातून, छिंदवाडा जिल्ह्यातून उतरते. कामठीच्या वरच्या अंगाला कोलार तिला येऊन मिळते. दक्षिणेला नाग नदी शहरातून पिली नदीचं पाणी घेऊन पूर्वेला जाते आणि पुढे कन्हानला मिळते. कन्हान मग आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. हे नकाशात शोधताना प्रवाहाची दिशा बाणाने दाखवली नसेल तर समोच्च रेषांकडे पाहा. रेषा नाला ओलांडताना ‘व्ही’सारखी वळते आणि तिचं टोक नेहमी वरच्या अंगाला, उगमाकडे असतं.

आता काळं आणि निळं. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येतं, पण खोऱ्याचं सगळं गुपित त्यातच आहे. निळ्या रेघेत किंवा निळ्या पट्ट्यात दाखवलेला प्रवाह बारमाही. काळ्या रेघेत दाखवलेला नाला पावसाळ्यानंतर कोरडा पडणारा. नदीच्या रुंद पात्रात ठिपके असतील तर ती वाळू, आणि ठिपक्यांतून जाणारी निळी धार म्हणजे मोजणीच्या वेळी, सहसा कोरड्या ऋतूत, वाहत असलेलं पाणी. कन्हानच्या वाळूचं पात्र जुन्या शीटवर किती रुंद आहे ते पुलाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला चार-पाच ठिकाणी मोजा आणि आजच्या उपग्रह चित्रात त्याच जागी मोजा. वाळू उपशावर बोलण्याआधी हे आकडे हातात असले पाहिजेत.

मग बारीक नाले घ्या. काळ्या रेघा एकेक करून काढा, अगदी शेतात जाऊन विरणाऱ्याही. सपाट खोऱ्यात पाणी याच रेघांनी सरकतं. त्यावर आज माती किंवा राख टाकली, वसाहत उठवली, तरी मुसळधार पावसात पाण्याला जुनी वाट आठवते. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळ्याचा वीजघराच्या राखेचा बंधारा फुटला, तेव्हा राखेचं पाणी नाल्यांच्याच वाटेने खाली गेलं. राख बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीकडे आपल्या शिवारातल्या जुन्या काळ्या रेघांची प्रत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

काठालगत ‘१०’ आकडा आणि त्यापुढे रोमन ‘आर’ दिसला तर ती सापेक्ष उंची. काठ पात्रापासून तेवढे फूट उंच. तलावाच्या पाळीलाही असा आकडा असतो. या आकड्यांकडे सहसा कुणी पाहत नाही, पण पुराचं पाणी कोणत्या काठावर आधी चढेल ते त्यांच्यावरूनच कळतं.

तलाव दुसऱ्या संध्याकाळी. पूर्व विदर्भातले बरेचसे तलाव मालगुजारांनी (सारा वसूल करणाऱ्या गावमालकांनी) बांधले. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली आणि तलाव १९५१ मध्ये सरकारकडे आले, म्हणून आज त्यांना माजी मालगुजारी तलाव, बोलीत ‘मामा तलाव’ म्हणतात. त्याआधीच्या मोजणीची शीट असेल तर ते तलाव बांधणाऱ्यांच्या हाती असतानाचं चित्र तुमच्यासमोर आहे. प्रत्येक तलावाची पाळ, पाण्याची बाजू आणि खालची धानाची जमीन ओळखा. लहान बोड्या सुटू देऊ नका. भिंग घ्या. विहिरींची चिन्हं निळी असतात, बांधीव आणि कच्च्या विहिरींची वेगळी. त्या गावागणिक मोजून तक्ता करा. तक्ता पूर्ण झाला की कोणतं गाव नदीवर जगत होतं आणि कोणतं विहिरीवर, ते न विचारता समजतं.

जे शीटवर नाही तेही नोंदवा. पेंचवरचं तोतलाडोह आणि नवेगाव खैरीचं धरण पन्नाशीतल्या शीटवर नसणार. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा पायाच १९८८ मध्ये रचला गेला. अंबाझरी (१८७०) आणि गोरेवाडा हे नागपूरचे तलाव दिसतील. नागपूरने पाण्यासाठी आधी पश्चिमेच्या तलावांकडे, मग कन्हानकडे आणि मग पेंचकडे हात लांबवला. जुनी आणि नवी शीट शेजारी ठेवली की हा हात लांबत जाताना दिसतो.

पायरी पाचवी : उतार आणि खालचा दगड

उतार मोजायला फार वेळ लागत नाही. दोन शेजारच्या समोच्च रेषांमधलं अंतर शीटवर दोन इंच असेल, तर दोन मैलांत ५० फूट उतार, म्हणजे साधारण २११ फुटांना एक फूट. कन्हानच्या काठाने असे विरळ पट्टे सर्रास आहेत.

उत्तरेला मनसर-रामटेककडे रेषा दाटतात. पश्चिमेला काळ्या पाषाणाचे सपाट माथे, सेमिनरी हिल्स आणि सीताबर्डीची टेकडी त्यातलेच. मधला पट्टा गोंडवाना खडकांचा. त्यातल्या वालुकाश्माला भूशास्त्रात ‘कामठी’ असंच नाव आहे, आपल्या कामठीवरून दिलेलं, आणि कोळसा त्याच्या खालच्या थरांत आहे. पूर्वेला आणि उत्तरेला जुने रूपांतरित खडक, त्यांत मँगनीज. टोपोशीटवर दगडाचं नाव छापलेलं नसतं, पण नाल्यांची ठेवण बदलते. तुमच्या ट्रेसिंगवर निळ्या रेघांचा पोत जिथे बदलतो तिथे पेन्सिलीने खूण करा आणि नंतर भूशास्त्रीय नकाशा शेजारी ठेवा. मुलांना हे दाखवताना मला दरवेळी आनंद होतो, कारण रेघा त्यांनी स्वतः काढलेल्या असतात.

पायरी सहावी : रूळ धरून चालत जा

खाण शोधायची तर खाणीचं चिन्ह शोधत बसू नका. रूळ धरा. मुख्य मार्गातून फुटणारी आणि कुठल्याही गावाला न जाता मध्येच संपणारी लाइन दिसली की तिच्या टोकाला काहीतरी जड माल भरला जात होता हे नक्की.

नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली. पूर्वेकडची लाइन पुढे बंगाल नागपूर रेल्वेने ब्रॉडगेज केली, ती कामठीवरून कन्हानचा पूल ओलांडून जाते. तिथूनच रामटेकची शाखा निघते. इतवारीहून सावनेरमार्गे छिंदवाड्याला जाणारी छोटी लाइन नॅरोगेज होती आणि २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. रुळांच्या रुंदीप्रमाणे शीटवरचं चिन्ह बदलतं, ते समासातल्या सूचीतून पक्कं करा. ट्रॉलीलाइनचं चिन्ह आणखी वेगळं.

या पायरीवर एक गोष्ट हमखास ध्यानात येते, आणि नागपुरातल्याही पुष्कळांना तिचं नवल वाटतं : पन्नाशीतलं कन्हान खोरं मुख्यतः मँगनीजचं होतं. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, सातक आणि खाप्याजवळचं गुमगाव या खाणींचं काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासूनचं. ‘मॉइल’ ही सरकारी कंपनी १९६२ ची, खाणी तिच्या कितीतरी आधीच्या. कोळशाचा मोठा पसारा नंतर आला : १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण, १९७५ मध्ये वेकोलि. कोराडीचं वीजघर १९७४ पासून सुरू झालं. खापरखेड्याला आधी लहान वीजघर होतं, २१० मेगावॅटचे संच १९८९ पासूनचे. जुन्या शीटवर कोराडीत चिमणी शोधत बसलात तर ती सापडणार नाही.

नावांची एक गफलत इथेच टाळा. ‘पेंच-कन्हान’ नावाचं कोळसाक्षेत्र छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया-जुन्नारदेवकडे आहे. नदी तीच, पण वरचं खोरं. आपल्या भागातलं ते कामठी कोळसाक्षेत्र. जुन्या कागदांत ‘कन्हानची खाण’ वाचली तर ती कुठली, हे शीटवर बोट ठेवूनच ठरवा.

पायरी सातवी : गावं, रिठी आणि नावं

जुन्या शीटवरची नावं रोमन लिपीत आणि इंग्रजांच्या कानाला ऐकू आली तशी. ती तशीच्या तशी देवनागरीत उतरवू नका. प्रत्येक नावापुढे तलाठ्याच्या दप्तरातलं मौजाचं नाव लिहा. खुर्द-बुजुर्ग जोड्या नीट पाहा, कारण जोडीतलं एक गाव खाणीत किंवा धरणात गेलं असेल तर दुसरं तेवढं उरतं आणि लोक पुढे ‘खुर्द’ म्हणणंही सोडतात.

रिठी मौजा हा आपल्या विदर्भाचा खास प्रकार : महसुली नाव आहे, शिवार आहे, वस्ती नाही. शीटवर अशा जागी उजाड गावाची नोंद असते, किंवा नुसतं नाव आणि शेजारी देवळाचं चिन्ह. खाणपट्ट्यातल्या पुनर्वसनाचा इतिहास लिहिताना जुनी रिठी आणि नव्याने उठलेलं गाव यांची सरमिसळ होते. मोजणीच्या वर्षीच गाव उजाड होतं का, हे जुनी शीट स्पष्ट सांगते.

पायरी आठवी : स्कॅन करणं आणि आजच्या नकाशावर बसवणं

एक इंची शीटचा नकाशाचा भाग साधारण सोळा इंच रुंद आणि सतरा इंच उंच असतो, समास वेगळा. ए-३ स्कॅनरवर तो मावत नाही. तुकड्यांत स्कॅन करून जोडू नका, सांध्यावर चूक येते. प्लॉटर आणि मोठा स्कॅनर असलेल्या दुकानात जा, आणि शीट जीर्ण असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालूनच रोलरमधून सोडायला सांगा. ३०० डीपीआयला एका ठिपक्यात जमिनीवरचे सुमारे ५.४ मीटर येतात, ४०० ला चार. त्याहून जास्त घेऊन उपयोग नाही, कारण नकाशावरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेतच जमिनीवरचे ३२ मीटर असतात.

क्यूजीआयएस हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातला जिओरेफरन्सर (स्कॅन केलेला नकाशा जागेवर बसवणारं साधन) उघडा. शीटच्या कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले आहेत, ते सरळ टाकावेत असा मोह होतो. पण जुनी शीट एव्हरेस्टच्या पृथ्वीगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, मोजलेली आहे आणि तुमचा मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ हे आजचं माप वापरतो. नागपूरला या दोहोंत शे-दोनशे मीटरचा फरक पडतो, म्हणजे नाला सरळ शेजारच्या शेतात जातो. माहीतगार माणूस सॉफ्टवेअरमध्ये कालियानपूर (जुन्या भारतीय मोजणीचा) आधार निवडून हे सांभाळतो. नवशिक्याने दुसरा मार्ग धरावा : जुन्या शीटवर आणि आजच्या उपग्रह चित्रात दोन्हीकडे ठाम दिसणाऱ्या जागा जुळवा.

ओ/४ साठी माझ्या जागा ठरलेल्या आहेत : कन्हानच्या रेल्वे पुलाची दोन टोकं, कामठी छावणीतले जुने चौक, सीताबर्डीचा किल्ला, अंबाझरीच्या पाळीचं वळण आणि दक्षिणेकडची जुनी रेल्वे फाटकं. निदान आठ-दहा जागा घ्या आणि त्या चारही कोपऱ्यांकडे पसरलेल्या असू द्या. सगळ्या शहरात घेतल्या तर शीटची कड वाकडी बसते. नदीचा काठ, नाल्यांचा संगम, गावाच्या नावाची अक्षरं या जागा कधीही घेऊ नका. ज्याचं सरकणं मोजायचं आहे, त्यालाच खुंटी मानलं तर मोजणार काय?

नकाशाची पद्धत म्हणून यूटीएम झोन ४४ उत्तर निवडा, ईपीएसजी क्रमांक ३२६४४. रूपांतर आधी पहिल्या घाताचं बहुपदी (सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉलिनॉमिअल १’) घ्या. प्रत्येक जागेची चूक सॉफ्टवेअर दाखवतं. ३० ते ५० मीटरपर्यंतची चूक या प्रमाणाला चालते. एखादीच जागा दोनशे मीटर दाखवत असेल तर तो पूल नव्याने बांधलेला असतो किंवा चौक सरकलेला. ती जागा काढून टाका. हे सॉफ्टवेअर जमत नसेल तर गूगल अर्थ प्रोमध्ये चित्र वर टाकून पारदर्शकता कमी-जास्त करत हाताने बसवता येतं. शाळेच्या कामाला तेवढं पुरतं.

पायरी नववी : तीन रंग

बसवलेल्या शीटवर तीन रंगांत रेघा काढा. निळा : तेव्हा पाणी आणि आजही पाणी. लाल : तेव्हा पाणी, आज नाही. हिरवा : तेव्हा नव्हतं, आज आहे. हिरव्यात धरणं आणि कालवे येतील, तसेच पाणी भरलेले जुने खाणखड्डे आणि राखेचे तलावही येतील. त्यांना वेगळी खूण करा, कारण वरून पाहताना हे सगळं पाणी सारखंच निळं दिसतं.

लाल रेघ मारण्याआधी थांबा. जुन्या शीटवरची काळी रेघ उन्हाळ्यातल्या उपग्रह चित्रात दिसली नाही, एवढ्यावर नाला गेला असं ठरत नाही. तो कोरडाच असणार होता. सप्टेंबर-ऑक्टोबरचं चित्र पाहा, झाडांची ओळ पाहा, पांदण रस्त्यावरची मोरी पाहा. मोरी जागेवर असेल तर नालाही बहुधा आहे. तरीही शंका असेल तर पिवळी खूण करून पुढच्या पायरीसाठी ठेवा.

पायरी दहावी : पायी

ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत जा. नाल्यांत थोडं पाणी असतं, तुरी उभ्या असतात, ऊन सोसतं. ट्रेसिंगची प्रत, मोबाइलमध्ये बसवलेली शीट, वही आणि गावातला एक वयस्क माणूस सोबत हवा. खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, तिथे स्फोट होतात. ओबीच्या ढिगावर चढू नका, पावसानंतर माती अचानक सरकते. राखेच्या तलावावरची साय कडक दिसते, पण पाय आत जातो. बंद पडलेल्या जुन्या मँगनीज खड्ड्यांच्या कडाही तितक्याच पोकळ. छावणीच्या भागात फोटो काढू नका.

म्हाताऱ्या माणसाला ‘इथे नाला होता का’ असं विचारू नका. तो हो म्हणेल. ‘पोळ्याला बैल कुठे धुवायचे?’ असं विचारा. ‘बाया धुणं कुठे न्यायच्या?’, ‘पुरात कोणती वाट बंद व्हायची?’ असं विचारा. उत्तरात जागा येते, नाव येतं, कधी वर्षही येतं. ते त्याच जागी उभं राहून मोबाइलवर टिपा आणि घरी येऊन पिवळ्या खुणांशी ताडून पाहा.

हा कागद कुठे चालतो, कुठे नाही

टोपोशीटवरून शेताची हद्द ठरत नाही. एक इंची नकाशात धुरा, म्हणजे शेताचा बांध, दाखवताच येत नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा लागतो. आपल्या जुन्या मध्य प्रांताच्या भागात तो सोळा इंचाला एक मैल, म्हणजे १:३,९६० प्रमाणाचा. नाल्याच्या वादात दोन्ही कागद एकत्र ठेवा. टोपोशीटवरून नाला कुठून कुठे जात होता हे सलग दिसतं, गाव नकाशावरून तो कोणत्या गट क्रमांकातून जात होता ते कळतं. अर्जाला जोडताना शीटचा क्रमांक, मोजणीचं वर्ष, प्रकाशनाचं वर्ष आणि जुळवणीतली चूक मीटरमध्ये, हे चारही लिहा. चूक लिहिली की कागद कमजोर होतो असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. समोरचा अधिकारी तोच आकडा आधी विचारतो.

आणि शेवटी तयार झालेल्या ट्रेसिंगची एक प्रत त्या गावाच्या शाळेत द्या, देवनागरीत नावं घालून. त्या ओबीच्या ढिगाखालच्या नाल्याचं नाव आम्ही पारावरच्या दोघांना वेगवेगळं विचारलं. एकाने वाघ नाला सांगितलं, दुसऱ्याने वाघाची झोडी. शीटवर तो बिननावाचाच आहे. मुलांनी दोन्ही नावं पेन्सिलीने काळ्या रेघेशेजारी लिहिली आणि खाली सांगणाऱ्यांची वयं टाकली : ७९ आणि ८४.